केराबाईनं सांगितलंय

१६ एप्रिल, गुरुवार

ही वही प्रतिक्षाची. तिची अकरावीची परीक्षा झाली, मागची निम्मी पानं कोरी राहिली, ती मला दिली. म्हणाली, "आजी, तुझं बोलणं सगळ्या बोळाला ऐकू जातं. थोडं कागदावर पण येऊ दे." टोमणा होता. नातीचा टोमणा आजीला कळत नाही असं ह्या पोरींना वाटतं. तरी वही घेतली. तिसरीपर्यंत शाळा झाली माझी. पुढं साक्षरतेचा वर्ग आला तेव्हा बाकीच्या बाया सही शिकून घरी गेल्या, मी अख्खं पुस्तक संपवलं. अक्षर वाकडं आहे, पण माझं मला वाचता येतं. दुसऱ्या कुणी वाचायचं कारण नाही.

आज नळाला पाणी आलं. भवानी पेठेतल्या आमच्या बोळात चार दिवसाआड पाणी येतं. बोळाच्या तोंडाशी पहिला नळ माझा, म्हणून सगळ्यांच्या आधी मला कळतं. आधी नळ नुसता फुसफुसतो. तेवढं ऐकलं की मी दारात उभी राहून ओरडते, "पाणी आलं गंऽऽ!" आणि सगळा बोळ हंडे-कळशा घेऊन उठतो. तीस वर्षं ओरडते आहे. एकदाही खोटं ओरडले नाही. कुणी घड्याळ बघत नाही, कुणी नळ फिरवून बघत नाही. "केराबाईनं सांगितलंय" म्हटलं की झालं.

आज दोन पिंपं आणि नऊ हंडे भरले. मुलगा यशपाल ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. सून शुभदा दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. घरात मी, प्रतिक्षा आणि माझा तवा. कडक भाकरी करते मी. कागदासारखी पातळ थापायची, भाजून वाळवायची, महिनाभर टिकते. हॉटेलवाले घरी येऊन घेऊन जातात.

१७ एप्रिल, शुक्रवार

आज मी सगळा बोळ वाचवला.

दुपारी भाकरी तव्यावर होती. माढ्याला माझा भाचा आहे हरिदास, त्यानं मोबाईलवर व्हिडिओ धाडला. नळातून चहासारखं फेसाळ पाणी येतंय, तोंडाला फडकी बांधलेली माणसं टाकीत वाकून बघतायत, आणि एक माणूस मोठ्यानं सांगतोय, "सोलापूरकरांनो, सावधान! कालच्या पाण्यात विषारी औषध मिसळलंय. भरलेलं पाणी ताबडतोब ओतून द्या. लहान मुलांना थेंबही देऊ नका."

कालचं पाणी! माझ्या घरात दोन पिंपं भरून कालचंच पाणी.

प्रतिक्षा वेणी घालत बसली होती. तिला दाखवलं. तिनं एकदा बघितलं, परत बघितलं.

"आजी, थांब जरा. धा मिनिटं दे. खरं हाय का बघते."

"बघतीस काय? तू बघंपर्यंत कुणीतरी पिऊन मरंल."

"आईला फोन लावते. दवाखान्यात कुणी आलंय का इचारते."

"तुझी आई फोन उचलंपर्यंत दिवस मावळंल."

मी उठले आणि पिंपं आडवी केली. मग बोळाचा ग्रुप आहे मोबाईलवर, त्यात आवाज भरायचं बटण दाबलं. ते मला येतं. म्हणाले, "मी केराबाई बोलतीय. कालचं पाणी पिऊ नका. विष हाय त्यात. आमी सगळं ओतलं. तुमी बी ओता. लगेच ओता."

अर्ध्या तासात बोळातलं गटार भरून वाहायला लागलं. भर एप्रिलात भवानी पेठेत गटार वाहताना मी आज पहिल्यांदा बघितलं. एक बाई मागं राहिली नाही. एका शब्दावर सगळ्यांनी ओतलं.

राहिलं फक्त शेवटचं घर, कमरुन्निसाचं. तिच्या मोठ्या नातीचं बाळंतपण झालंय, बाळ बारा दिवसांचं. गेले तर धाकटी नात आरजू पिंपाच्या झाकणावर मांडी घालून बसलेली.

मी म्हटलं, "कमरुन्निसा, नातीला आवर. घरात बाळंतीण हाय."

"मैं कब से बोल रई, उतर. उतरतीच नई."

आरजू म्हणाली, "केरानानी, प्रतिक्षा बघतीय की. तिचा फोन येऊ दे. विष असलं तर मीच ओतते, तुमच्यापुढं."

प्रतिक्षाची मैत्रीण. दोघी एकाच वर्गात, दोघींचं डोकं एकाच बाजूला फिरलेलं.

संध्याकाळपर्यंत तोच निरोप मला चार ठिकाणांहून आला. होटगीहून माझी धाकटी बहीण भीमा, कोपऱ्यावरच्या मोबाईल दुकानाचा नवनाथ, भाकरी नेणारा हॉटेलवाला, आणि माझ्याबरोबर पूर्वी टॉवेलच्या कारखान्यात असलेली एक बाई. मी सगळे उघडत बसले नाही, वर "विष" लिहिलेलं दिसलं, पुरे झालं. चार ठिकाणची चार माणसं मिळून खोटं बोलतील का? प्रतिक्षाच्या हातात फोन दिला, म्हटलं, बघ. तिनं भीमाचा निरोप कानाला लावून ऐकला आणि माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही. हरली की अशीच गप्प बसते ती.

१८ एप्रिल, शनिवार

खोटं होतं.

सकाळी प्रतिक्षा मोबाईल घेऊन पुढ्यात बसली. "आजी, ह्यात काय दिसतंय सांग."

"पाणी."

"माणसांच्या अंगात काय हाय?"

बघितलं. स्वेटर होते. एकाच्या डोक्याला कानटोपी. सध्या रोज त्रेचाळीस डिग्री ऊन, माझ्या पाठीवरून घाम चाललेला, आणि मी स्वेटरवाल्या माणसांचं ऐकून पिंपं ओतली.

"आता मागची पाटी वाच."

वाचता येईना. आपली अक्षरं नव्हती. कानडी नव्हती, तेलुगू नव्हती. सोलापुरात जन्म गेला, त्या दोन्ही मला नजरेनं कळतात. कुठल्या मुलखातली होती कोण जाणे. मग प्रतिक्षानं तोच व्हिडिओ दुसरीकडून काढून दाखवला. चार वर्षांपूर्वीचा, लांबच्या गावचा. त्यात तो सावधान-सावधान करणारा माणूस नव्हताच. त्याचा आवाज मागाहून चिकटवलेला. शुभदाच्या दवाखान्यात पोटदुखीचा एक माणूस आला होता, तो लग्नात जेवून.

"आणि आजी, त्यो 'कालचं पाणी' म्हणतोय. तारीख कुटं सांगतोय? काल तर रोजच असतो की."

मी म्हटलं, "मग काल का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं की. धा मिनिटं मागितली."

"लागली किती?"

"सहा. पण तवर तुझा आवाज गेला हुता, माजं कोण ऐकतंय?"

विचारायलाच नको होतं.

पुढचं पाणी मंगळवारी. बोळात कुणाकडं थेंब नाही. लोकं हातपंपावर रांगा लावून उभी, तिथं खारट पाणी. दुपारी आरजू दोन कळशा घेऊन आली. "दादी म्हणली, आमच्याकडं जास्त झालंय." बाळंतिणीच्या घरात पाणी जास्त कधी होतं का? खोटं बोलायला पण येत नाही त्या बाईला. कळशा घेतल्या. चहा केला नाही, नुसतं पाणी प्यायले.

१९ एप्रिल, रविवार

हरिदासला फोन लावून झाडला. "तुला कुणी सांगितलं रं हे?"

"आत्या, मला ग्रुपवर आलं."

"ग्रुपवर कुणी टाकलं?"

"आता ते कोण बघतंय? चांगल्यासाठी धाडलं मी."

चाळीस वर्षांचा घोडा. म्हटलं सगळी चूक ह्याची. मग म्हटलं नवनाथची, त्यानं सगळ्या पेठेत पसरवलं. पसरवलं म्हणून जाब विचारायला दुकानात गेले तर तो हसून म्हणतो, "केराबाई, दोन लाख लोकांनी बघितलाय त्यो व्हिडिओ. दोन लाख लोकं येडी हायत का?" मी चारावर विश्वास ठेवला होता, हा दोन लाखांवर ठेवतो.

परत येताना आमच्या बोळातली सिद्धेश्वरी दारात टॉवेलांना शिलाई मारत होती. मान वर न करता म्हणाली, "मावशी, व्हिडिओ तर मी बघितलाबी न्हाय. तुमचा आवाज ऐकला आनि ओतलं."

घरी आले. भीमाचा निरोप आज पहिल्यांदा उघडला. कानाला लावला. "मी केराबाई बोलतीय. कालचं पाणी पिऊ नका..."

होटगीहून मीच बोलत होते. नवनाथचा उघडला, त्यात मीच. हॉटेलवाल्याच्यात मीच. कारखान्यातल्या बाईच्यात मीच. चार ठिकाणांहून मीच मला सांगत होते, आणि मीच ऐकून खूश होत होते.

प्रतिक्षाला हे शुक्रवारीच कळलं होतं. बोळात कुणाला बोलली नाही. मी म्हटलं, "मला तरी सांगायचं."

"तुझं तू ऐकशील तवा पटंल, म्हणून थांबले."

आगाऊ आहे. आईवर गेली नाही आणि बापावर पण नाही.

२० एप्रिल, सोमवार

पीठ आहे, पाणी नाही. हॉटेलवाल्याला भाकरी नाही म्हणून सांगितलं. तीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा आमचे मालक गेले तेव्हा.

२१ एप्रिल, मंगळवार

सकाळी सात वाजता नळ फुसफुसला. दारात उभी राहून ओरडले, "पाणी आलं गंऽऽ!"

नवनाथ दुकान उघडत होता. तिथून ओरडला, "केराबाई, भरायचं का ओतायचं?"

सगळा बोळ हसला. पोरंसोरं हसली ते हसली, सिद्धेश्वरी पण पदर तोंडाला लावून हसली. आणि मग एकेकजण आत गेला आणि आपापला नळ फिरवून बघायला लागला. बघून मग हंडे काढले.

शिव्या दिल्या असत्या तर मी चौपट दिल्या असत्या. नळ फिरवून बघण्याला काय उत्तर द्यायचं?

२३ एप्रिल, गुरुवार

दुपारी प्रतिक्षा आणि आरजू ओट्यावर बसल्या होत्या. मी भाकरी थापत होते. मनात होतं ते विचारून टाकलं, "तुमी पोरं खरं-खोटं कशावरून वळखता गं? शाळेत शिकवत्यात का?"

आरजू म्हणाली, "शाळेत काय न्हाय शिकवत. आमच्या वर्गात निम्म्या पोरी, खाली किती जणांनी चांगलं लिवलंय ते बघत्यात. काही जणी बोलणारी दिसायला कशी हाय ते बघत्यात."

"आनि पोरं?"

"पोरं नुसती धाडत्यात. पुढचं बघत न्हायत."

मला बरं वाटलं, येडे फक्त म्हातारेच नाहीत म्हणून. मग म्हटलं, "आनि तुमी दोघी लई शाण्या?"

तर प्रतिक्षा म्हणाली, "गेल्या साली मी फसले हुते, आजी. फुकट लॅपटॉप मिळणार म्हणून फॉर्म आला. वर्गात पयल्या येणाऱ्या पोरीनं धाडला, म्हणून मी नीट बघितलाच न्हाय. नाव, पत्ता, आईचा नंबर, सगळं भरलं. वर तीस जणींना धाडला. लॅपटॉप कुटला? आईला दोन महिने कुणाकुणाचे घाणेरडे फोन येत हुते."

शुभदानं नंबर बदलला होता तेव्हा. मला सांगितलं होतं, जुनं कार्ड खराब झालं. माझ्या घरात मलाच कुणी काही सांगत नाही.

"तवापासून मी तीन गोष्टी बघते," प्रतिक्षा म्हणाली. "पयलं कुणी सांगितलं. त्याला कसं कळलं. आनि ज्याला खरंच ठाऊक असंल त्याला इचारता येतंय का. धाडणारं माणूस चांगलं हाय का, ते बघत न्हाय. चांगली माणसंच जास्त धाडत्यात."

शेवटचं वाक्य मला होतं. भाकरी तव्यावर टाकली आणि तिकडं तोंड केलं.

शाबास म्हटलं नाही. डोक्यावर बसतात. पण सतरा वर्षांची पोर स्वतःची चूक आजीपुढं अशी मांडून ठेवते. मला सत्तराव्या वर्षी जमलेलं नाही.

आरजूचं म्हणाल तर सगळं तपासते, पण केस लांब होतात म्हणून आठ दिवस डोक्याला कांद्याचा रस लावतीय. ते तपासलं नाही. ओट्यावर वास सुटला होता.

२४ एप्रिल, शुक्रवार

आज परत एक आलं.

ह्या खेपेला पत्र. पाणीपुरवठ्याचं, शिक्का-सही असलेलं. मोठ्या लाइनचं दुरुस्तीचं काम काढलंय, म्हणून आमच्या भागाचं रविवारचं पाणी शनिवारी दुपारी सोडणार, आणि नंतर काही दिवस पाणी बंद. नवनाथनं खाली लिहिलं, "केराबाई, आता काय ओतू?" त्याच्याखाली हसणारी तोंडं, मोजून सतरा. सगळ्यांनी ठरवून टाकलं, हे पण खोटं. रविवारीच बघू. शनिवारी दुपारी निम्मा बोळ कामावर असतो, घरात कोण थांबतंय?

मी पण म्हटलं, "खोटंच हाय. शिक्का काय, कुणीबी लावतंय."

प्रतिक्षा म्हणाली, "आजी, मागं तू न बघता खरं म्हणलीस. आता न बघता खोटं म्हणतीयस. फरक काय पडला?"

"मग काय सगळ्यांच्या मागं पळत सुटायचं का?"

"सगळ्यांच्या न्हाय. पाण्याचं कुणाला ठाऊक असतंय? चावीवाल्याला."

चावीवाला म्हणजे मल्लप्पा. तो लोखंडी चावी फिरवतो तेव्हा आमच्या पेठेला पाणी सुटतं. प्रतिक्षानं माझ्या मोबाईलवरून त्याला फोन लावला, उचलला नाही. परत लावला, उचलला नाही. का उचलत नाही ते मला ठाऊक होतं. होळीच्या सुमाराला पाणी कमी आलं म्हणून माझ्याच फोनवरून मी त्याला त्याच्या सात पिढ्यांसकट धुतलं होतं.

मग आरजूची स्कूटी काढली. मी म्हटलं मी पण येणार. दोन पोरींच्या मधे बसून टाकीपर्यंत गेले, उन्हं कलताना. मल्लप्पा टाकीखाली बाकड्यावर बसून चहा पीत होता. मला बघून उठलाच.

"अय्यो यव्वा! शिव्या द्यायला हितंपर्यंत आलात व्हय?"

"न्हाय. इचारायला आले."

"तुमी? इचारायला?"

त्यानं असं म्हटलं की दोन्ही पोरी हसल्या. प्रतिक्षानं पत्र दाखवलं. मल्लप्पानं वाचलं. पत्र खरं होतं. पण वेळ त्यात नुसती 'दुपारी' लिहिलेली. तो म्हणाला, "तुमच्या बोळाला एक वाजता सोडणार. जोर कमी राहणार. पाऊण तास येईल, जास्त न्हाय."

"आनि बंद किती दिवस, काका?" प्रतिक्षानं विचारलं.

"पाच व्हईल, सात बी व्हईल. वेल्डिंग झाल्यावर कळतंय बघा."

प्रतिक्षा सगळं हातावर पेननं लिहून घेत होती. निघताना मल्लप्पा मला म्हणाला, "यव्वा, त्या विषाच्या दिवशी मी हितंच बसलो हुतो. सबंध दिवस. एक माणूस इचारायला आला न्हाय बघा."

स्कूटीवर बसताना मी म्हटलं, "चुकलं." वाऱ्यात त्याला ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही. परत म्हटलं नाही.

तर आता पक्कं आहे. उद्या एक वाजता पाणी, मग सात दिवस बंद.

२५ एप्रिल, शनिवार

सकाळी आठला घरोघर गेले. आधी ग्रुपवर आवाज भरणार होते, पण म्हटलं नको. माझा आवाज आता तोंडासकटच जाऊ दे.

सिद्धेश्वरी म्हणाली, "मावशी, कामावर खाडा कसा करू? परत खोटं निघालं तर?"

मी म्हटलं, "मागच्या खेपेला मी न इचारता बोलले. तुमचं पाणी माज्यामुळं गेलं. हरिदासमुळं न्हाय, नवनाथमुळं न्हाय. माज्यामुळं. आज माजं ऐकू नका. प्रतिक्षाचं ऐका. ती मल्लप्पाला तोंडानं इचारून आलीय, मी सोबत हुते."

तेरा घरं फिरले. तेरा घरी हेच बोलले. पहिल्या घरी जीभ जड झाली, पाचव्या घरापासून सवय झाली. काही जणांनी मान हलवली, काही जणांनी दार लोटलं. नवनाथ म्हणाला, "बघू एक वाजता." कमरुन्निसानं मात्र मी बोलायच्या आधीच पिंप धुवायला काढलं होतं. "आरजू बोली," एवढंच म्हणाली. आरजू बोलली की तिला आता दुसरं कुणी लागत नाही. बाळ कण्हत होतं उकाड्यानं. वीस दिवसांचं झालं आज.

एक वाजला. काही नाही. सव्वा वाजला. काही नाही. नवनाथ दुकानाच्या पायरीवर हाताची घडी घालून बसला होता. सिद्धेश्वरी खाडा करून थांबली होती, ती माझ्याकडं बघत होती आणि मी नळाकडं. प्रतिक्षाच्या हातावरची पेनची अक्षरं घामानं पुसत चालली होती. ती म्हणाली, "येईल, आजी. जोर कमी हाय म्हणले हुते ना." पण ओठ वाळले होते पोरीचे. खोटं निघालं असतं तर बोळ तिच्यावर हसला असता, आणि तिला तिथं मी उभं केलं होतं.

एक वाजून वीस मिनिटांनी नळ फुसफुसला.

मी सवयीनं दाराकडं गेले. तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, "प्रती, तू ओरड."

"मी?"

"इचारून कोण आलं? ओरड."

तिचा आवाज बारीक. पहिल्यांदा शेजारी पण पोचला नाही. दुसऱ्यांदा डोळे मिटून ओरडली, "पाणी आलं होऽऽ!" आणि बोळ उठला. नळ फिरवून बघायला कुणी आत गेलं नाही. मी बघत होते. एकजण पण गेलं नाही. सरळ हंडे घेऊन आले.

मग मला राहवेना. इकडून तिकडं फिरत सगळ्यांना सांगत सुटले, "सात दिवस बंद हाय बरं का! माझ्या नातीनं इचारून आणलंय! सात दिवस! हाय तेवढं भरून घ्या!" बाया विचारत होत्या आणि मी सांगत होते. छाती अशी फुगली होती.

तेवढ्यात नवनाथनं घरच्या नळाला मोटार लावली. ती बघून सिद्धेश्वरीनं लावली. मग आणखी दोन सुरू झाल्या. सगळं पाणी वरच्या वरच ओढून घ्यायला लागल्या मोटारी. बोळाच्या शेवटी आरजू रिकामा हंडा घेऊन रस्त्यात आली. "इथं धार तुटली हो!"

प्रतिक्षा सगळ्यांसमोर माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"आजी, सात कुणी सांगितलं?"

"मल्लप्पानं."

"त्यांनी पाच म्हणले, न्हायतर सात. नंतर कळंल म्हणले. तू एकटं सातच उचलून आणलंस. म्हणून मोटारी लागल्या."

अख्ख्या बोळात, सगळ्या बायांच्या देखत. गेल्या वर्षी असं बोलली असती तर कानाखाली बसली असती. मी तिच्या हाताकडं बघितलं. घामानं निम्मं पुसलं होतं, पण "५ किंवा ७" तेवढं वाचता आलं. पोरीनं जसं ऐकलं तसं लिहिलं होतं. मी मला हवं तेवढं घेऊन आले होते, परत एकदा, एका दिवसात.

पायरीवर चढले. पदर खोचला.

"ऐकाऽऽ! सात दिवस म्हणलं ते मी वाढवून सांगितलं! पाच असतील, न्हायतर सात असतील! पक्कं म्हाईत न्हाय! मोटारी बंद करा! शेवटच्या घरात वीस दिसाचं लेकरू हाय, एवढं मातर पक्कं म्हाईत हाय!"

सिद्धेश्वरीनं पहिल्यांदा बटण बंद केलं. मग दोघांनी केलं. नवनाथ बघत बसला, तर त्याच्या मोटारीची पिन मी स्वतः जाऊन उपटली. शेवटच्या घरात धार सुरू झाली तेव्हा कमरुन्निसानं तिथून हात वर केला.

तीस वर्षांत खूप ओरडले. "पक्कं माहीत नाही" असं ओरडायची ही पहिलीच वेळ. मला वाटलं होतं आवाज फाटेल. नेहमीपेक्षा लांब गेला.